अंगणातला ओटा आणि वाद्यांची भिंत : बालवाडीताईंसाठी पायरी-पायरीने

पहिल्या वर्षी मी मुलांना वाजवायला म्हणून शाळेच्या भिंतीवर बारा भांडी टांगली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच हातांनी उतरवली. पोरं खूश होती, त्यांची तक्रार नव्हती. पण भिंतीच्या पलीकडे तिसरीचा वर्ग भरतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गुरुजी दोनदा हसत डोकावून गेले, तिसऱ्यांदा हसले नाहीत. त्यात सुतळी तुटून एक झारा मावशींच्या पायावर पडला. माझा उत्साह तिथेच संपला.

नंतर चार वर्षं चुकत-माकत ती जागा उभी राहिली. आज आमच्या अंगणात कडुनिंबाखाली वीतभर उंचीचा ओटा आहे, त्याला लागून सहा पाइपांची आणि काही भांड्यांची भिंत आहे, आणि तीन ते सहा वयाची सत्तावीस मुलं ती रोज वापरतात. सातारा जिल्ह्यातली ही साधी बालवाडी आहे, देणगीदार वगैरे कुणी नाही. शेजारच्या गावांतल्या ताई बघायला येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे.

आधी एक सांगते, पुढची सगळी मांडणी त्यावरच आहे. हा ओटा गॅदरिंगसाठी नाही. पालकांनी खुर्च्यांवर बसून बघावं म्हणून तुम्ही तो बांधणार असाल, तर महिनाभर आधी मांडव भाड्याने घेतलेला बरा. ही जागा मुलांच्या रोजच्या उपयोगाची आहे, पाण्याच्या माठासारखी. तहान लागली की जायचं.

आणि ही काही परदेशी टूम नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तिथे मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. ‘अंगणवाडी’ या शब्दातच अंगण आहे. आपण मात्र त्या अंगणात फरशी बसवून वर पत्रा टाकला आणि पोरांना आत बसवलं.

१. आठवडाभर काही करू नका, फक्त बघा

खरंच काही विकत घेऊ नका. एक वही घ्या आणि मुलं आपणहून कुठे वाजवतात, कुठे गातात, कुठे नाटक करतात ते टिपा. आमच्याकडे तीन जागा सापडल्या: हातपंपाचा दांडा, लोखंडी फाटक आणि खिचडीच्या रिकाम्या पातेल्यांची थप्पी. नाटक नेहमी एकाच जागी चालायचं, कडुनिंबाच्या मुळांपाशी, कारण तिथे जमीन थोडी उंच होती. त्या उंचवट्यावर उभं राहिलेलं मूल आपोआप मोठ्याने बोलायचं. ओटा कुठे बांधायचा हे मी ठरवलंच नाही, त्यांनी ते आधीच ठरवलेलं होतं.

२. जागा

चार गोष्टी बघा.

सावली. सकाळी नऊ ते बारा या वेळात सावली कुठे पडते ते स्वतः उभं राहून बघा, आणि तेही मार्चमध्ये. डिसेंबरात सगळंच सुखाचं वाटतं. लोखंडी पाइप एप्रिलच्या उन्हात हाताला चटका देतो, विदर्भ-मराठवाड्यात तर विचारूच नका. झाड नसेल तर शेतातली हिरवी शेडनेट बांधा. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली उकडतं आणि वाऱ्यात तिचाच आवाज जास्त होतो.

ऊन डोळ्यांवर येणं. ओटा शक्यतो उत्तरेच्या बाजूला ठेवा, म्हणजे बघणारी मुलं उत्तरेकडे तोंड करून बसतील आणि सकाळचं ऊन त्यांच्या पाठीवर किंवा कुशीवर येईल. मुलं डोळे बारीक करून बसली की दोन मिनिटांत उठून जातात, आणि आपण म्हणतो यांना एकाग्रता नाही.

पाठीमागे काहीतरी घट्ट हवं. उघड्यावर लहान मुलाचा आवाज विरून जातो. ओट्याच्या मागे भिंत, कुडाची तट्टी, निदान कडप्प्याची फळी असली की तो पुढे फेकला जातो. फरक लगेच कळतो.

शेजार. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे वर्गाच्या खिडकीपासून पाच मीटरऐवजी वीस मीटरवर भिंत नेली तर बारा डेसिबल कमी. माझी सगळी चूक या एका ओळीत होती. आणि ठोकायची वस्तू वर्गाच्या भिंतीवर कधीच टांगू नका, ठोका भिंतीतून पलीकडे जातो. स्वतंत्र चौकट उभी करा. शेजारी दवाखाना किंवा आजारी माणूस असलेलं घर असेल तर दुसरी जागा शोधा.

३. परवानगी आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण लवकर उरकतो.

बालवाडी जिल्हा परिषद शाळेच्या आवारात असेल तर मुख्याध्यापकांना अर्ज आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. अंगणवाडी असेल तर मुख्यसेविकाबाईंना (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकांना) आधी विश्वासात घ्या, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज त्यांच्यामार्फतच जाऊ द्या. जागा गावठाणातली असेल तर ग्रामपंचायत. जवळ ठेवायचे कागद असे:

– साधा अर्ज, त्यात ‘कायमस्वरूपी बांधकाम’ हा शब्द टाळा. ‘वीतभर उंचीचा बैठा ओटा’ असं लिहा
– हाताने काढलेला जागेचा नकाशा, झाड आणि खिडक्यांपासूनची अंतरं टाकून
– ठरावाची प्रत
– सामानाची यादी आणि पावत्या
– मुलांचे फोटो काढणार असाल तर पालकांची लेखी संमती

पैशाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हे शांतपणे विचारा. अर्ज आधीपासून तयार असेल तर उत्तर लवकर मिळतं.

इथला सापळा म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची (जडवस्तूंची) नोंदवही. पहिल्यांदा मी हौसेने प्रत्येक पळी आणि झाकण त्यात चढवलं. वर्षभरात निम्मी भांडी चेमटली, दोन चोरीला गेली, आणि मग फुटकं झाकण नोंदीतून कमी करण्यासाठी (निर्लेखनासाठी) मला कागद रंगवत बसावं लागलं. चौकट आणि पाइप तेवढे जडवस्तूंत घ्या, बाकी सगळं खर्ची पडणारं साहित्य म्हणून लिहा.

४. सामान

भंगाराच्या दुकानात जाताना हातात एक लाकडी पळी घेऊन जा आणि प्रत्येक वस्तू वाजवून घ्या. भंगारवाला तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

– अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, सव्वातीन मीटर
– चौकटीला वासे किंवा जाड बांबू, चार
– जाड नायलॉन दोरी (सुतळी नको, झाऱ्याची गोष्ट वर सांगितलीच आहे)
– स्टीलची परात, लोखंडी तवा, पितळी ताट, ॲल्युमिनियमची पातेली
– पीव्हीसी पाइप, दोन इंची
– नारळाच्या करवंट्या, बांबूची टिपरी
– ठोके: वीतभर लाकडी दांडी, टोकाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून
– जुनं नऊवारी लुगडं, एक. याबद्दल पुढे सांगते.

ठोके मुलांच्या संख्येपेक्षा तीन-चार जास्तच करा. भांडी कमी पडली तर मुलं वाटून घेतात, ठोका कमी पडला तर मारामारी होते. पहिल्या महिन्यात माझ्याकडे एवढंच शहाणपण जमा झालं होतं.

जे घ्यायचंच नाही ते असं. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा, कितीही धुतलेला असला तरी नको. गावाकडे हे डबे घरोघरी पडलेले असतात आणि कुणीतरी प्रेमाने आणून देतंच. फुटके सिमेंटी पत्रे नकोत. धारेचे काठ नकोत. डबा कापलात तर काठ दुमडून घ्या. रंग देणार असाल तर डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असल्याचं छापलेलं बघूनच घ्या, घरगुती रंगांसाठी आपल्याकडे कायद्याने तीच मर्यादा आहे. आणि सुटे घुंगरू, मणी, चिंचोके असं सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान काहीही मोकळं ठेवू नका. तीन वर्षांचं मूल ते आधी तोंडातच घालतं.

५. पाइपांची भिंत

माझा सगळ्यात आवडता भाग हाच आणि सगळ्यात जास्त पाइप मी इथेच वाया घालवले. म्हणून जरा सविस्तर सांगते.

नुसती भांडी टांगली की गोंगाट होतो, गाणं होत नाही. थोडे तरी सूर हवेत. पण सातही सूर लावले तर मुलं कुठलेही दोन शेजारचे एकदम ठोकतात आणि कानाला खुपतं. त्यावर उपाय भूप रागाचा. सा रे ग प ध आणि वरचा सा. मध्यम नाही, निषाद नाही, त्यामुळे कुठल्याही मुलाने कुठेही ठोकलं तरी फारसं वाईट लागत नाही. पोरांना चूक करायला जागाच राहत नाही.

आता लांबी. मी आधी बासरीचं गणित लावलं: वरचा सा हवा तर लांबी निम्मी. पाइप कापले, टांगले, ठोकले, आणि काहीच्या काही वाजलं. कारण बासरीत हवा वाजते, टांगलेल्या लोखंडी पाइपात धातू स्वतः वाजतो. धातूचा निम्मा तुकडा एक नव्हे, दोन सप्तकं वर जातो. एक सप्तक वर जायचं तर लांबी २ च्या वर्गमुळाने भागायची. गणित सोडवून दिलं आहे, सरळ वापरा:

सा – ६० सेंमी
रे – ५६.६
ग – ५३.७
प – ४९
ध – ४६.५
वरचा सा – ४२.४

सगळे एकाच पाइपातून कापायचे. दोन वेगळ्या जाडीचे पाइप घेतलेत तर हे कोष्टक बाद. आमचा सा पांढरी तीनच्या (पेटीवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपास आला, तुमचा थोडा इकडे-तिकडे येईल, त्याने बिघडत नाही. एकमेकांशी जुळले म्हणजे झालं. प्रत्येक तुकडा दोन मिलिमीटर जास्त कापा आणि कानस मारत आणा. कानसीने लांबी घटते तसा सूर चढतो. एकदा जास्त चढला की परत खाली आणता येत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून, किंवा गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला बोलावून जुळवून घ्या. आमचे पेटीवाले आजोबा दोन तास उन्हात बसून होते, चहासुद्धा विसरले.

टांगायची जागा. पाइप टोकाला भोक पाडून टांगला तर ‘ठप्प’ असा मेलेला आवाज येतो. ठोकल्यावर पाइप थरथरतो, पण त्याचे दोन बिंदू जवळजवळ स्थिर राहतात, आणि ते प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२ टक्क्यांवर असतात. भोक तिथेच पाडायचं. ६० सेंटिमीटरच्या पाइपाला टोकापासून साडेतेरा सेंटिमीटरवर, ४९ च्या पाइपाला अकरावर, ४२.४ च्या पाइपाला साडेनऊवर. ठोकायचं मात्र मधोमध. योग्य जागी टांगलेला पाइप देवळातल्या घंटेसारखा घुमत राहतो. मुलं कान लावून तो विझेपर्यंत थांबतात, आणि मला विचाराल तर या भिंतीची खरी कमाई ती थांबण्यातच आहे.

पाइपांचे काठ कानसीने गुळगुळीत करा. वरच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर महिन्याभरात गांधीलमाशी आत घर करते.

हवेचं गणित वाया जात नाही. दोन इंची पीव्हीसी पाइप उभे बांधा आणि वरच्या तोंडावर जुन्या चपलेने चापट मारा: ‘धुम्म’ असा आवाज येतो. इथे मात्र बासरीचा नियम चालतो: १२०, १०६.७, ९६, ८०, ७२ आणि ६० सेंमी. पाइपाचं खालचं तोंड उघडं आणि जमिनीपासून वर राहू द्या, आणि वरची तोंडं मुलांच्या कमरेच्या रेषेत आणा, त्यासाठी पाइपांना कोपर लावून वळवावं लागतं. चपलेने मारायची अधिकृत परवानगी! आमच्याकडे याच्यापुढे रांग लागते.

उंची आणि अंतर. वाजवायच्या वस्तूंची ठोकायची जागा जमिनीपासून ४५ ते ७५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठेवा. चौकटीतल्या फटी एकतर ९ सेंटिमीटरपेक्षा लहान, नाहीतर २३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या. मधल्या मापाच्या फटीत मुलाचं डोकं शिरतं आणि अडकतं. मोकळी लोंबणारी दोरी वीतभराहून लांब नको, गळ्यात पडण्याची भीती असते. तारेने बांधलंत तर तिची टोकं आतल्या बाजूला वळवून वर ट्यूबची पट्टी गुंडाळा.

६. ओटा आणि लुगडं

ओटा लहानच हवा. आमचा आठ फूट बाय सहा फूट आहे, उंची १५ सेंटिमीटर, दोन थर विटा आणि वर शहाबादी फरशी. कडा गोल करून घेतल्या. गवंडी म्हणाला, “बाई, एवढासा? जरा उंच करू, शोभा येईल.” नको म्हणा. उंच ओट्यावर चढायला मूल घाबरतं आणि त्यावरून पडलं तर लागतं. विटांच्या आत पोकळी ठेवू नका, विंचू बसतात. भरीव भरा, सांधे बंद करा.

ओट्यावर सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू कुठली असेल? पडदा. जुनं नऊवारी मधून कापलं, दोन वाश्यांमध्ये दोरी ताणली, झाला पडदा. महिनाभर मुलांनी दुसरं काही केलंच नाही. एकाने पडद्यामागे जायचं, दुसऱ्याने पडदा ओढायचा, मागच्याने ‘भॉ’ करायचं, सगळे हसायचे, पुन्हा पहिल्यापासून. मी अस्वस्थ झाले होते की हे कधी पुढे जाणार. पण आपण दिसत नाही तोवर आपण कोणीही होऊ शकतो, हे ती त्यातूनच शिकत होती. पुढे पडद्यामागून म्हातारी आली, डॉक्टर आला, एसटीचा कंडक्टर तर रोजच.

पोशाख विकत आणू नका. उपरणं, ओढणी, गांधी टोपी, एक जुना चष्मा काच काढून, दाणे काढलेलं मक्याचं कणीस माईक म्हणून. तयार वाघाच्या पोशाखात मूल फक्त वाघच होतं. उपरण्याचा नवरदेव होतो, पोतराज होतो, नदीसुद्धा होते.

७. पहिले पंधरा दिवस

बऱ्याच ताई इथेच हात टेकतात.

पहिले तीन दिवस काही शिकवू नका. नऊ-नऊ मुलांचे गट करा. एक गट भिंतीपाशी, बाकीचे मावशींबरोबर वाळूत. भिंतीपाशी वीस मिनिटं प्रचंड गदारोळ होईल. तुमचं डोकं उठेल. थांबवू नका. पहिली हौस फिटल्यावर, साधारण चौथ्या दिवशी, कुणीतरी एक हळूच ठोकून बघतं. तिथून सुरुवात होते.

मग थांबण्याची खूण शिकवा. ओरडून “शांत बसा” म्हणाल तर त्या आवाजात ते कुणाला ऐकूच जाणार नाही. हात वर, पंजा उघडा म्हणजे वाजवा. मूठ वळली की थांबा. हात वर जाईल तसा आवाज मोठा, खाली येईल तसा बारीक. दोन दिवसांत मुलं हा खेळ उचलतात, आणि मग ती खूण करायचं काम आळीपाळीने त्यांनाच द्या. चार वर्षांची मुलगी मूठ वळते आणि नऊ जण गप्प होतात, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

कान झाकणारं मूल प्रत्येक वर्गात एखादं असतंच. त्याला ओढून जवळ नेऊ नका, “घाबरतोस काय” म्हणू नका. आवाज खरोखर टोचतो काही मुलांना. त्याच्यासाठी लांब एक शांत जागा ठेवा, पोतं अंथरून. आमचा एक मुलगा अकरा दिवस कडुनिंबाच्या पलीकडेच उभा राहिला. बाराव्या दिवशी सगळे खिचडीला गेल्यावर एकटा आला, पाचव्या नव्हे, चौथ्या पाइपावर, म्हणजे पंचमावर, एकच ठोका दिला आणि तो विझेपर्यंत डोळे मिटून उभा राहिला. रोज एक ठोका. पावसाळ्यापर्यंत त्याचा हाच क्रम होता.

८. रोज काय करायचं

रोज अर्धा तास पुरे, त्यातला निम्मा वेळ मोकळा. उरलेल्या पंधरा मिनिटांसाठी आमच्याकडे टिकलेले काही खेळ सांगते.

डब्यांच्या जोड्या. माँटेसोरीच्या साहित्यात आवाजाच्या पेट्या असतात, त्याचंच हे गावठी रूप. सारखे बारा डबे, दोन-दोन डब्यांत तांदूळ, राजमा, वाळू, खडे, मीठ, चिंचोके. झाकण चिकटवून पक्कं. हलवून जोडी शोधायची. मीठ आणि वाळू यांतला फरक मला अजून कळत नाही, त्यांना कळतो.

चाल. मी डफ वाजवते, मुलं त्या लयीत चालतात: हत्ती, उंदीर, लंगडणारी म्हातारी. डफ थांबला की पुतळा.

गोष्टीला आवाज. मी गोष्ट सांगते, पाऊस आला की करवंट्या, बैलगाडी आली की टिपरी, वीज पडली की परात. आवाज कुठला वापरायचा ते मुलंच ठरवतात. ‘रात्र’ कशाने वाजवायची यावर एकदा मोठा वाद झाला. शेवटी ठरलं की कुणीच वाजवायचं नाही.

गाताना सूर जरा वर धरा. आपण मोठी माणसं सवयीने खाली धरतो, तिथे मुलांचा गळा पोचत नाही, मग ती गाण्याऐवजी ओरडतात. आणि मोबाइल-स्पीकरवर सिनेमातली गाणी लावू नका. ती एकदा सुरू झाली की भिंतीकडे कुणी फिरकत नाही, सगळी पोरं ओट्यावर एकसारखे हात हलवायला लागतात.

ओट्यावरचा खेळ एक ते तीन मिनिटांचा असतो. प्रेक्षक आठ-दहा पोरं, पोत्यावर बसलेली. ज्याला उठून जायचं त्याने जावं. तुम्ही दिग्दर्शन करू नका, “मोठ्याने बोल”, “इकडे तोंड कर” काही नाही. व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. मी एकदा टाकला, त्याच संध्याकाळी तीन आयांनी विचारलं, “आमची का नाही दिसली?” दुसऱ्या दिवशी ओट्यावर मुलं नव्हती, त्यांच्या आया उभ्या होत्या.

महिन्यातून एकदा गावातलं माणूस बोलवा: वासुदेव, भजनी मंडळातले टाळकरी, जात्यावरच्या ओव्या येणारी आजी, हलगी वाजवणारा. दहा मिनिटं त्यांनी वाजवावं, मग मुलांनी वाद्याला हात लावावा. आणि एक स्पष्टच लिहिते: हलगीवाल्या काकांना बोलावलंत तर खुर्ची, चहा आणि मानधन पेटीवाल्या आजोबांइतकंच द्या. पोरं ताल ऐकतात तसं हेही बघत असतात.

९. “पण अभ्यास कधी घेता?”

हा प्रश्न येणारच, बहुतेक वेळा पालकांकडून, कधी तपासणीला आलेल्यांकडून. वाद घालू नका, वही दाखवा. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या त्या आराखड्यात शारीरिक, भावनिक, बौद्धिक आणि भाषिक विकासाच्या बरोबरीने सौंदर्यदृष्टी आणि सांस्कृतिक विकास हे स्वतंत्र क्षेत्र आहे. माझ्या वहीत रोज दोनच ओळी असतात: तारीख, मुलाचं नाव, काय केलं. ‘लांब पाइप जाड वाजतो असं स्वतः म्हणाली.’ ‘पडदा ओढण्यासाठी पाळी थांबून घेतली.’ पहिली ओळ गणिताची, दुसरी वागण्याची. तपासणीला आलेल्या बाईंनी ती वही अर्धा तास वाचली आणि जाताना वरच्या सा वर एक ठोका मारून गेल्या.

१०. देखभाल आणि पावसाळा

दर सोमवारी मुलं यायच्या आधी प्रत्येक दोरी ओढून बघा, प्रत्येक काठावरून बोट फिरवा, पाइपात आणि उलट्या डब्यांत डोकावून बघा. आमच्याकडे एकदा सापाची कात निघाली होती. पालथ्या न टांगलेल्या भांड्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात, म्हणून सगळी भांडी तोंड खाली करून टांगायची, किंवा बुडाला भोक पाडायचं. बांबूला भुंगा लागला की खाली पिवळसर पीठ सांडलेलं दिसतं. तो बांबू लगेच बदला. पुढच्या वेळी कापलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवून घ्या.

पितळी ताट आणि परात रोज संध्याकाळी आत. आमची पहिली परात आठवडी बाजाराच्या दिवशी गेली.

मृग लागायच्या आधी पाइप उतरवा. खोबरेल तेलाचा हात द्या, पोत्यात गुंडाळा, माळ्यावर टाका. उतरवण्यापूर्वी प्रत्येक पाइपावर रंगाने १ ते ६ आकडे घाला आणि वरची बाजू कुठली तेही. मी पहिल्या वर्षी घातले नव्हते. ऑक्टोबरात पुन्हा पेटीवाल्या आजोबांना बोलवावं लागलं. चपलेचे पीव्हीसी पाइप तसेच राहू द्या, त्यांना काही होत नाही. आणि पत्र्याचा एखादा तुकडा आणि दोन पातेली व्हरांड्याच्या पागोळीखाली पालथी मांडून ठेवा; जुलैत मुलं आत बसलेली असताना ती पाऊसच वाजवतो.